सूज आणि सुभानपुऱ्याची खिडकी

कोल्हापूरचा गूळ गुजरातेत जातो, हे आमच्या वृत्तपत्राच्या बाजारभावाच्या पानावर मी अनेकदा वाचले होते. तिथून पुढे तो कुठे जातो, हे बडोद्यात पोचल्यावर पहिल्याच जेवणात कळले. तो आमटीत जातो, कढीत जातो, वांग्याच्या भाजीत जातो. हिरव्या चिवड्यात मात्र जात नाही, कारण तिथे आधीच साखर असते.

बडोद्याला गेलो होतो ते एका वैद्यकीय परिषदेचे वार्तांकन करायला. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याचे जे नुकसान होते, त्यात शरीराच्या प्रतिकारपेशींचा आणि दाहाचा वाटा किती, असा परिषदेचा विषय होता. निमंत्रण वाचून संपादकांनी यात बातमी काय, असे विचारले. तिथे गेल्यावर कळेल, असे मी सांगितले. माझे मामा बडोद्यात राहतात आणि हॉटेलची गरज नाही, हे कळल्यावर त्यांना विषय महत्त्वाचा वाटू लागला.

गाडीच्या प्रवासात सांगण्याजोगे काही घडले नाही.

सुभानपुरा

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. त्यांचे पणजोबा बडोदा संस्थानच्या घोडदळात होते. पुढे घोडे गेले, संस्थानही गेले. घरात मिशा आणि हुकूम देण्याची पद्धत राहिली. मामा स्वतः एका रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागात होते. निवृत्त झाल्यावर ते घराची सुरक्षा पाहतात. दूधवाल्याला ते फाटकाशी थांबवतात, ओळखतात आणि मग आत सोडतात. दूधवाला तोच असतो.

मी गेलो तेव्हा ते ओसरीतल्या हिंचक्यावर बसले होते. हिंचका म्हणजे घरातला झोपाळा. बडोद्यात दिवाणखाना नसला तरी चालतो, हिंचका लागतो. शेजारचे किरीटभाई त्यावर त्यांच्या बाजूला बसले होते. मी वाकून नमस्कार केला. मामांनी माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पाहून विचारले, "या भाचेराव. दाढी वाढवलीय का?" मी दाढी वाढवलेली नव्हती. त्यांना ती गालावरची सावली वाटली असावी, असा मी तेव्हा समज करून घेतला.

मामी चहा घेऊन आल्या. बिनसाखरेच्या चहाला बडोद्याच्या मराठीत मोळा चहा म्हणतात. मोळे म्हणजे अळणी, फिके. मामांचा चहा मोळा होता. त्यासोबत बशीत जिलेबी होती. मी बशीकडे पाहिले ते मामांच्या लक्षात आले. त्यांनी खुलासा केला की त्यांना मधुमेह असा नाही, साखर फक्त बॉर्डरवर आहे. गेली कित्येक वर्षे ती बॉर्डरवर होती. ती अजून अलीकडे आहे की पलीकडे गेली, हे पाहायला एवढ्या लष्करी घराण्यातून कुणी गेलेले नव्हते.

मग माझे लक्ष खिडकीकडे गेले.

ओसरीतून आत शिरले की पुढच्या खोलीत रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी आहे. ती हिंचक्यावरूनही दिसते. तिला उभे लोखंडी गज आहेत. त्यातले मधले दोन गज उजवीकडे वाकलेले होते. एखाद्याने बाहेर पडण्यासाठी वाकवावेत तसे ते दिसत होते, पण तेवढी फट झालेली नव्हती. चोरीचा प्रयत्न झाला का, असे मी विचारले. मामी पटकन म्हणाल्या, "हात धुऊन घे ने, पान वाढते." मामांनी मात्र अभिमानाने सांगितले की ही खिडकी घर बांधल्यापासून सरळ असावी असा सगळ्यांचा समज होता. ती वाकडी आहे हे त्यांच्याच लक्षात आले आणि त्यांनी पाणीगेटहून वेल्डर बोलावून ती सरळ करून घेतली.

मी पुन्हा पाहिले. गज वाकडेच होते. मामींनी माझ्या पानात आमटी वाढली आणि डोळ्यांनी गप्प राहायला सांगितले. मी गप्प राहिलो. बातमीदाराने यजमानाच्या घरातल्या खिडकीवर मत देऊ नये, असा माझा त्या वेळचा विचार होता. तो चुकीचा होता, हे दुसऱ्या दिवशी कळले.

जेवताना आणखी एक गोष्ट निघाली. पावसाळ्याच्या सुमारास सोसायटीच्या हॉलमध्ये डोळे तपासणीचे शिबिर झाले होते. मामा तिथे गेले ते व्यवस्था नीट आहे का, हे पाहायला. रांगेची शिस्त लावता लावता ते स्वतःही रांगेत उभे राहिले. तिथल्या मुलीने डोळ्यांत औषध घालून, बराच वेळ आत पाहून त्यांना सांगितले होते, "पडदा पर सोजो छे, काका. मोटा दवाखाने बतावजो." सोजो म्हणजे सूज. पडद्यावर सूज आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा.

मामांनी घरी येऊन आरशात पाहिले. सूज दिसली नाही. त्यांनी मामींना बोलावले. मामींनाही दिसली नाही. किरीटभाईंनी बॅटरी आणून वरची पापणी, खालची पापणी आणि कोपरे तपासले आणि डोळा एकदम चोख्खा असल्याचा निर्वाळा दिला. तरीही खबरदारी म्हणून मामांनी आठवडाभर गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या. नसलेली सूज त्यामुळे उतरली आणि प्रकरण बंद झाले.

मामांचा डावा डोळा लहानपणी विटी लागल्याने अधू आहे. त्यांचा सगळा कारभार उजव्या डोळ्यावर चालतो. सूज सांगितली होती ती उजव्या डोळ्याच्या पडद्यावर.

अलकापुरी

परिषद अलकापुरीतल्या एका हॉटेलात होती. व्यासपीठावर समई होती. ती पेटवली की पंख्याने विझत होती. पंखा बंद केला तर प्रमुख पाहुण्यांना उकडत होते. शेवटी पंखा सुरू ठेवून दीपप्रज्वलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. प्रमुख पाहुण्यांनी दृष्टी आणि दूरदृष्टी यांतला फरक सांगितला. तो त्यांनी कोणत्याही परिषदेत सांगितला असता तरी चालला असता, आणि बहुधा ते तो सांगत असावेत. त्यानंतर प्रत्येक मान्यवराला एक रोप, एक शाल आणि मिठाईचा एक डबा देण्यात आला. परिषद मधुमेहाची असल्याने डबा लहान होता.

जेवणाच्या वेळी मधुमेहींसाठी वेगळी, साखर न घातलेली जिलेबी ठेवली होती. तिच्यापुढे कुणी नव्हते. साध्या जिलेबीपुढे रांग होती. रांगेत डोळ्यांचे डॉक्टर होते आणि त्यांच्या मागे मधुमेहाचे.

दुपारच्या सत्रात हेतलबेन नावाच्या डॉक्टर बोलायला उभ्या राहिल्या. डोळ्याच्या पडद्याचे आजार हा त्यांचा विषय. त्यांनी शाल घेतली नव्हती आणि दूरदृष्टीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी जे सांगितले ते असे.

डोळ्याच्या मागच्या बाजूला पडदा असतो. आपण जे पाहतो ते त्यावर उमटते. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक असतात. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या वाहिन्यांना आतून इजा होते. बराच काळ डॉक्टर हा आजार साखरेचा आणि वाहिन्यांचा एवढाच समजत होते. आता त्यात तिसरा पक्ष आहे, हे दिसू लागले आहे. तो म्हणजे शरीराचे स्वतःचे पहारेकरी.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे फिरते पहारेकरी. वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा झाली की ते चिकट बनते आणि या पेशी तिथे चिकटून राहतात. बारीक वाहिन्यांत त्यामुळे वाट तुंबते. पडद्याच्या आत आणखी एका प्रकारच्या पेशी कायम मुक्कामाला असतात. एरवी त्या झाडलोट करतात, मेलेले काही पडले असेल तर उचलतात. पण धोक्याची घंटा वाजतच राहिली, तर त्या बिथरतात. रसायने सोडतात. त्या रसायनांनी आणखी पेशी येतात, आणखी रसायने सुटतात. यालाच दाह म्हणतात. संसर्गात तो शत्रूला मारतो आणि थांबतो. इथे शत्रू नाहीच. साखर आहे, आणि ती रोज आहे. त्यामुळे दाह थांबत नाही. वाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि पडद्याच्या नेमक्या मधोमध पाणी साचते.

ही झाली पडद्यावरची सूज. मी वहीत हे वाक्य लिहिले आणि पेन थांबले.

हेतलबेन पुढे म्हणाल्या की दाहाचा वाटा कोणत्या रुग्णात किती आणि कोणत्या टप्प्यावर, हे अजून पुरते कळलेले नाही. काहींची सूज वाहिन्यांना पाझरायला लावणारा संदेश अडवणाऱ्या इंजेक्शनने उतरते. काहींची पुरेशी उतरत नाही. त्यांतल्या काहींना दाह शमवणाऱ्या औषधाचा उपयोग होतो. उशीर झालेल्यांना कशाचाच पुरता होत नाही. नंतर त्या म्हणाल्या की अडचण अशी आहे की हा डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो. तो दुखत नाही, लाल होत नाही, चिकटत नाही. रुग्ण डोळ्याची तक्रारच करत नाही. तो सांगतो की दाराची चौकट वाकडी बसवली आहे.

त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर उभ्याआडव्या रेषांच्या जाळीचे चित्र दाखवले. अशा रुग्णाला ती कशी दिसते ते त्यात होते. मधल्या रेषा डावीकडे फुगल्या होत्या. ती जाळी मी ओळखत होतो. फरक एवढाच होता की सुभानपुऱ्यातले गज उजवीकडे वाकले होते. मामांनी आपल्या डोळ्यातला दोष लोखंडात उलटा ठोकून घेतला होता.

प्रश्नोत्तरांच्या वेळी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी माईक घेतला आणि स्वतः आतापर्यंत काय काय केले ते सांगितले. शेवटी प्रश्न होता का, असे सूत्रसंचालकांनी विचारले. नव्हता. ते सुरू असतानाच मी हेतलबेनना बाहेर गाठले आणि उद्याची वेळ मागितली. त्यांनी खिडकीची हकीकत ऐकून घेतली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त दुसरा डोळा कसा आहे, असे विचारले. मी विटीचे सांगितले. त्या म्हणाल्या, सकाळी सगळ्यांत आधी घेऊन या.

पाणीगेट

मामांसारख्या माणसापुढे जाण्याआधी दुसऱ्या बाजूची साक्ष हवी होती. मी रिक्षाने पाणीगेटला गेलो.

वेल्डर सलीमभाईंचे दुकान दरवाज्याच्या पलीकडच्या गल्लीत सापडले. शेजारच्या गाडीवर सेव-उसळ मिळत होती. कोल्हापूरच्या माणसाला तिच्यात मिसळीची दूरची नातलग दिसते. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांदा आणि लाल तर्री. तर्री तिखट होती. बडोद्यात गुळाशिवाय शिजलेले हे पहिलेच काही मला मिळाले. तेवढ्यात गाडीवाल्याने वरून चिंच-गुळाचे पाणी घातले.

सलीमभाईंना खिडकी लगेच आठवली. ते बोलत होते ते निम्मे गुजराती आणि निम्मे हिंदी. खिडकी सरळच होती, असे त्यांनी सांगितले. काकांना हे पटवण्यासाठी त्यांनी ओळंबा लावला, म्हणजे दोरीला वजन बांधून ती गजासमोर सोडली. काकांनी दोरीकडे पाहिले आणि दोरीही वाकडी आहे म्हणाले. दुसरी दोरी आणली. तीही वाकडी निघाली. मग काका हिंचक्यावरून सांगत गेले आणि ते ठोकत गेले. थोडी जमणी बाजू, अजून थोडी. जमणी म्हणजे उजवी. काका बस म्हणाले तेव्हा सलीमभाईंनी हातोडी खाली ठेवली.

खिडकी वाकडी झाली आहे हे तुम्ही सांगितले का, असे मी विचारले. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिले. "घराकने ना कोण पाडे?" ते म्हणाले. गिऱ्हाइकाला नाही कोण म्हणणार. घरात बाई होती, शेजारी होता, ते काही बोलले नाहीत. मग आपण का बोलावे, असा त्यांचा सवाल होता. आदल्या संध्याकाळी मीही आमटी जेवून गप्प बसलो होतो.

पुन्हा सुभानपुरा

संध्याकाळी हिंचक्यावर मामा आणि किरीटभाई होते. मामी उंबऱ्यात बसून पापडीच्या शेंगा निवडत होत्या. मी जे ऐकले ते क्रमाने सांगितले. आधी पडदा, मग वाहिन्या, मग पांढऱ्या पेशी, मग पाणी, मग जाळी. मामांनी घोडदळाच्या वंशजाला शोभेल अशा शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सूज कुठं आहे?"

आत, मी म्हणालो. किरीटभाई म्हणाले, "सोजो होय तो देखाय ने, भाई." सूज असेल तर दिसेल की. त्यांनी बॅटरी आणायची तयारी दाखवली.

मी सलीमभाईंची साक्ष काढली. मामांनी ती फेटाळली. सलीमचा ओळंबाच वाकडा होता, असे त्यांचे म्हणणे होते. दोरीला वजन बांधून सोडली तर ती वाकडी कशी लोंबेल, असे मी विचारले. मामा म्हणाले की पाणीगेटचा माल आहे, काही सांगता येत नाही. किरीटभाईंनी या मुद्द्यावर त्यांना पाठिंबा दिला.

मी आणखी काही बोलणार होतो. तेवढ्यात मामींनी हातातले सूप खाली ठेवले.

"खिडकी सरळ होती हो," त्या म्हणाल्या. "आता वाकडी आहे."

हिंचका थांबला. किरीटभाईंनी पाय टेकवला होता.

मामांनी खिडकीकडे पाहिले. मग त्यांनी मामींकडे पाहिले, म्हणजे मामी जिथे बसल्या होत्या त्याच्या जरा बाजूला. "मग आत्तापर्यंत बोलली का नाहीस?"

"तुम्हाला सरळ दिसत होती ना. म्हटलं, घरात एकाला तरी सरळ दिसू दे." मामींनी पदराने हात पुसले. "तुम्ही परवा चहा कपाच्या बाहेर ओतलात, तेव्हापासून मला जेवण जात नाही. सूज असो नसो, उद्या जायचं."

किरीटभाईंना घरी काम आठवले. जाता जाता त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की खिडकी वाकडी आहे, हे त्यांनाही दिसत होते. पण पागेदारांच्या घरात कोण बोलणार. मामांना गल्लीत पागेदार म्हणतात, पणजोबांच्या पागेवरून.

समा

हेतलबेनचा दवाखाना समा भागात होता. सकाळी मामांनी इस्त्रीचा सदरा घातला, मिशांना तेल लावले आणि आम्ही तिघे रिक्षाने निघालो. निझामपुऱ्याजवळ रिक्षा थांबली. पुढे सगळेच थांबले होते. परिषदेच्या समारोपाला कुणी मोठे पाहुणे येणार होते, त्यासाठी बंदोबस्त लावला होता. प्रत्येक कोपऱ्यावर पोलीस होते. कोपरे संपले तिथे मधेही होते. त्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंनी लावल्या होत्या आणि उरलेल्या रस्त्यावर लोखंडी कठडे होते. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. मागे एक रुग्णवाहिका आवाज करत उभी होती आणि तिला वाट द्यायला पोलिसांची इच्छा होती, जागा नव्हती.

मामांनी रिक्षातून मान बाहेर काढून बंदोबस्ताची पाहणी केली. माणसे चांगली लावली आहेत, असे मत त्यांनी दिले. कारखान्यात वायुगळतीचा भोंगा वाजला की तेही अशीच माणसे लावत. एकदा भोंगा बिघडला आणि दिवसभर वाजत राहिला. प्रत्येक भोंग्याला आणखी माणसे येत गेली. संध्याकाळपर्यंत फाटकावर इतके पहारेकरी झाले की कामगारांना बाहेर पडता येईना आणि रेटारेटीत फाटकाशेजारची भिंतच पडली. गळती कुठेच नव्हती.

हे सांगून झाल्यावर मामा थांबले. पुढच्या कठड्याकडे पाहत म्हणाले, "काल तू त्या पांढऱ्या पेशींचं सांगत होतास, ते हेच का?"

मी हो म्हणालो.

"म्हणजे चोर नाहीच."

"नाही. साखर आहे. भोंगा ती वाजवते."

"आणि माझी माणसंच वाट अडवून बसलीत." मामा आत सरकून बसले. समा येईपर्यंत ते बंदोबस्ताबद्दल चांगले बोलले नाहीत.

दवाखान्यात मामांचे रक्त घेतले. साखर बॉर्डरवर नव्हती. ती सीमा ओलांडून केव्हाच राजधानीपर्यंत आली होती आणि तिथे तिने कारभार सुरू केला होता. मग त्यांना एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवले. हे यंत्र पडद्याचा उभा काप दाखवते, चाकू न लावता. मामांनी चित्र पाहण्याची मागणी केली. ज्या सुजेवरून घरात एवढे झाले, ती आपल्याला दाखवा, असे त्यांचे म्हणणे होते.

हेतलबेननी आधी एका निरोगी डोळ्याचे चित्र दाखवले. त्यात पडदा सपाट होता आणि मधोमध एक छोटा, गुळगुळीत खळगा होता. आपण सगळ्यात बारीक जे पाहतो ते त्या खळग्याने पाहतो, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी मामांच्या उजव्या डोळ्याचे चित्र लावले. मामा नाक काचेला लागेल इतके पुढे झुकले. खळग्याच्या जागी डोंगर उभा होता आणि डोंगराच्या पोटात काळ्या गुहा होत्या. गुहांत पाणी होते.

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला सपाट जमिनीवर एकटाच उभा असलेला डोंगर एकच माहीत असतो. "हा तर पावागड," मामा म्हणाले.

"हो काका," हेतलबेन म्हणाल्या. "लोक तो चढतात. आपल्याला उतरवायचा आहे."

उतरवायचा कसा, हे कळल्यावर घोडदळाच्या वंशजाने पाणी मागितले. डोळ्यात सुई, हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आणि एकच नाही, दर महिन्याला एक अशा पुष्कळ. मध्ये साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवायचा, नाहीतर सुई पाणी काढेल आणि साखर पुन्हा भरेल. मामांनी विचारले की मग खिडकी सरळ दिसेल ना. हेतलबेननी चित्राकडे पुन्हा पाहिले. त्या म्हणाल्या, "शिबिरानंतर लगेच आला असता तर जास्त खात्रीनं बोलले असते. आता सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. आहे ते जाऊ नये, यासाठी आज सुरुवात करू."

 मामींनी मामांच्या वतीने संमतीच्या कागदावर सही कुठे करायची ते विचारले. मामांनी कागद स्वतःकडे ओढला आणि सही केली. ती रेघेच्या वर गेली होती. या वेळी मामांनीच विचारले, "वाकडी झाली ना?"

"हो," मामी म्हणाल्या.

आत जाताना त्यांनी मिशांवरून हात फिरवला. बाहेर आले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि त्यांना विशेष दुखले नव्हते. याची त्यांना थोडी निराशा वाटली असावी, कारण घरी परतेपर्यंत ती हकीकत वाढत गेली. संध्याकाळी किरीटभाईंना सांगताना सुई पुष्कळ लांब झाली होती.

कोल्हापूर

परिषदेची बातमी आतल्या पानावर आली. प्रमुख पाहुण्यांचा समईसह फोटो तिच्यापेक्षा मोठा होता. फोटोत समई विझलेली आहे, हे एका वाचकाने पत्र लिहून कळवले. पांढऱ्या पेशींबद्दल कुणाचेही पत्र आले नाही.

मामींशी अधूनमधून फोनवर बोलणे होत होते. जिलेबी बंद झाली होती. आमटीतला गूळ बंद झाला होता आणि त्यावरून घरात दोन दिवस असहकार झाला होता. सुया सुरू होत्या. पहिल्या काही सुयांनंतर मामांना विशेष फरक वाटला नव्हता. पावागड थोडा उतरला आहे, असे हेतलबेननी चित्रावरून सांगितले होते आणि आता मामांचा चित्रावर विश्वास आणि डोळ्यावर अविश्वास अशी स्थिती होती. आधी ती उलट होती.

थंडी संपत आली तेव्हा एका सकाळी मामांचाच फोन आला. ते संतापलेले होते.

"भाचेराव, त्या सलीमनं खिडकीची वाट लावलीय," ते म्हणाले. "मधले दोन गज चक्क वाकडे आहेत. उजवीकडे. एवढी माणसं येतात-जातात घरात, कुणाला दिसलं नाही?"

किती वाकडे आहेत, असे मी विचारले. मामा म्हणाले की अगदी उघड दिसतात, आंधळ्यालाही दिसतील.  नंतर हळू आवाजात त्यांनी कबूल केले की खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात अजून धूसर आहे, तिथले काही कळत नाही. मधले गज मात्र कळतात. आजच सलीमला बोलावून ते सरळ करून घेणार, असे त्यांनी जाहीर केले.

फोन मामींनी घेतला. 

"सलीमभाईंना मी येऊ नका म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "राहू दे वाकडी. मी रोज सकाळी उठले की ह्यांना विचारते, खिडकी कशी दिसते. वाकडी म्हणाले की मग चहा ठेवते. मोळा."